चाकू नावडणाऱ्यास चाकू

भेट देताना घेणाऱ्याची आवड पाहावी, हा संकेत सर्वश्रुत आहे. परंतु जी वस्तू घेणाऱ्यास मनापासून नावडते आणि तरीही जिच्यावाचून त्याचा दिवसातून चार वेळा खोळंबा होतो, ती त्याला द्यावी किंवा कसे, या प्रश्नाकडे आमच्या शिष्टाचारवेत्त्यांनी म्हणावे तसे लक्ष दिलेले नाही. चाकू ही अशा वस्तूंत अग्रगण्य होय. ‘मला चाकू नको, त्याची भीती वाटते’ असे निक्षून सांगणारी सुशिक्षित, समंजस माणसे प्रत्येकाच्या आप्तवर्गात असतात. आणि हीच माणसे पार्सलाची सुतळी दाताने, औषधाच्या बाटलीचे वेष्टन नखाने, चिकटपट्टी किल्लीने व प्रवासातले फळ शेजारच्या उतारूच्या चाकूने कापताना दृष्टीस पडतात. अशा माणसास चाकू अवश्य द्यावा, असे माझे मत आहे. मात्र तो निवडण्यापूर्वी त्याच्या नावडीचे स्वरूप नीट तपासून पाहिले पाहिजे, कारण चाकू नकोसा असणे म्हणजे धार नकोशी असणे नव्हे.

याचा पुरावा आपल्या स्वयंपाकघरातच आहे. चाकू पाहताच अंग चोरणारी गृहिणी वर्षानुवर्षे ज्या विळीवर बसून भाजी चिरते, त्या विळीचे पाते कोणत्याही खिशातल्या चाकूहून लांब, रुंद आणि उघडे असते. त्याला म्यान नसते, ते आकाशाकडे तोंड करून उभे असते, आणि त्याच्या शेंड्याला नारळासाठी जी दातेरी खवणी बसविलेली असते तिचे दर्शन तर एखाद्या परकीयास भयावहच वाटावे. तरीही विळीची भीती बाळगणारी गृहिणी माझ्या पाहण्यात नाही. कारण विळीचे पाते जागचे हलत नाही. पाट पायाखाली दाबलेला असतो, पाते स्थिर असते, आणि भाजी हाताने पात्याकडे जाते. हात कोठे थांबवावयाचा हे त्या हाताला ठाऊक असते. अडकित्त्याची गोष्ट हीच. त्याचे पाते सुपारीसारखा कठीण जिन्नस एका दाबात दुभंगते, पण दोन दांड्यांच्या मधील मार्ग सोडून त्याला दुसरीकडे जाण्याची मुभा नसते, आणि म्हणून पानदानात तो चुन्याच्या डबीशेजारी निर्वेधपणे नांदतो. खंडेनवमीला तलवारीच्या अभावी याच विळीला, कोयत्याला आणि कात्रीला हळदकुंकू वाहणारा समाज धारेचा द्वेष्टा आहे, असे कोण म्हणेल? हरकत आहे ती पात्याच्या स्वैर संचाराला आणि त्याच्या टोकाला. चाकू हातात मोकळा असतो, कोणत्याही दिशेला वळू शकतो, आणि त्याचे टोक ज्याच्याकडे वळते त्याला, देणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो, क्षणभर आपण लक्ष्य झाल्याचा भास होतो.

या भासास आपल्याकडे चित्रपटांनी बरेच खतपाणी घातले आहे. रामपूर संस्थानच्या कारागिरांची ख्याती वाहणारा तो लांब पात्याचा चाकू पडद्यावर आला तो फळ कापण्यासाठी नव्हे. खटका दाबताच होणाऱ्या त्याच्या आवाजाने प्रेक्षागृहातील दोन पिढ्यांना चाकू म्हणजे काय याचे जे शिक्षण दिले, ते पुसून काढणे एखाद्या भेटवस्तूच्या आवाक्यातले काम नाही. वृत्तपत्रांतील गुन्हेविषयक मजकुरातही चाकू येतो तो भोसकण्यासाठीच. त्याने सोललेल्या संत्र्याची बातमी होत नाही. तेव्हा भेटीचा चाकू निवडताना पहिला नियम हा की, ज्याला खटका आहे, जो एका हाताने झटक्यात उघडतो, ज्याचे पाते काळे केलेले आहे आणि ज्याच्या जाहिरातीत कोठेही सैनिक किंवा शिकारी उभा आहे, तो दुकानातच ठेवावा.

दुसरा नियम टोकाविषयी. या बाबतीत इतिहासाने आपल्यासाठी एक सोय करून ठेवली आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने 1669 साली टोकदार सुऱ्यांवर बंदी घालणारे फर्मान काढले, आणि जेवणाच्या टेबलावरील सुरीचे टोक गोल होण्याचे बरेचसे श्रेय या हुकुमाकडे जाते. भोजनप्रसंगीचे कलह रक्तपातापर्यंत जाऊ नयेत, ही त्यामागील दूरदृष्टी. आज कोणत्याही उपाहारगृहात लोणी लावण्याची जी सुरी आपण निःशंकपणे हाती घेतो, ती या राजकीय भयाची वंशज आहे. खिशातल्या चाकूतही ही परंपरा सापडते. फ्रान्सच्याच साव्हॉय प्रांतात झोझेफ ओपिनेल याने 1890 मध्ये लाकडी मुठीचा जो साधा घडीचा चाकू बनविला, त्याची एक आवृत्ती खास मुलांसाठी मिळते, आणि तिच्या पात्याचा शेंडा मुद्दाम वाटोळा केलेला असतो. मुलांसाठी म्हणून तिला मोठ्यांनी कमी लेखू नये. सफरचंद, पाव, दोरी, पाकीट यांपैकी कशालाही टोकाची गरज लागत नाही, लागते ती धारेची. त्याच चाकूच्या मुठीवर एक पोलादी कडे असते, जे फिरविले की उघडे पाते बोटांवर मिटू शकत नाही. ही योजना 1955 मधली. उघडण्यासाठी दोन्ही हात लागतात, नख खाचेत घालून पाते सावकाश ओढावे लागते, मग कडे फिरवावे लागते. चाकूच्या शौकिनास ही सारी दिरंगाई वाटेल. ज्याला चाकूचे वावडे आहे त्याला मात्र या दिरंगाईतच विळीच्या पाटाचे स्थैर्य लाभते.

ज्यांना एवढेही पाते डोळ्यांपुढे नको असेल, त्यांच्यासाठी स्वित्झर्लंडकडे वळावे. इबाख येथे कार्ल एल्सेनर याने 1884 मध्ये सुरू केलेल्या कारखान्यातून 1891 पासून स्विस सैन्यास चाकू पुरविले जाऊ लागले, आणि 1897 मध्ये त्याने अधिकाऱ्यांसाठी जो हलका, बूच काढण्याचे मळसूत्र असलेला चाकू नोंदविला, त्याचे वंशज आज जगभर खिशांत फिरत आहेत. कुळ लष्करी असूनही या चाकूला कोणी शस्त्र मानत नाही, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. आणि याचे कारण असे की, त्याच्या लाल मुठीत पाते हे अनेक कारकुनांपैकी एक कारकून असते. त्यातील सर्वांत लहान प्रकार मिटलेला असता 58 मिलिमीटर, म्हणजे बोटाएवढा भरतो. त्यात एक इवलेसे पाते, एक कात्री, एक कानस, चिमटा आणि दातकोरणी असते. चाकूद्वेष्ट्यास हा देताना ‘ही कात्री घ्या’ असे म्हणावे. तो आधी कात्री वापरील, मग कानस, आणि एखादे दिवशी चिकटपट्टीपुढे कात्री हरली की आपण होऊन पात्याकडे वळेल. यात थोडी लबाडी आहे, हे मी नाकारीत नाही.

पात्याच्या धातूविषयी फार खल करण्याचे कारण नाही. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली याने 1913 मध्ये बंदुकीच्या नळ्यांची झीज थांबविण्याच्या खटपटीत जे क्रोमियमयुक्त पोलाद घडविले, त्याने बंदुकीपेक्षा भोजनाचीच सेवा अधिक केली. तेच, म्हणजे स्टेनलेस स्टील, घ्यावे. साध्या कार्बनी पोलादाची धार लवकर लागते खरी, पण कैरी किंवा लिंबू कापून तसेच ठेवलेले पाते काळवंडते, कोकणच्या पावसात त्यावर तांबेरा चढतो, आणि ज्याला चाकू मुळातच नकोसा आहे तो त्याला पुसून, तेल लावून ठेवील ही अपेक्षा व्यर्थ आहे. अतिकठीण जपानी पातीही वर्ज्य. ती हाडावर किंवा फणसाच्या देठावर आपटली तर काठाचा टवका उडतो.

चाकूंचा शौक असणारे दाते या साऱ्या व्यवहारातील खरा अडथळा होत. त्यांना देण्याचे निमित्त हवे असते, पण निवड मात्र स्वतःच्या आवडीची असते. मग मावशीच्या साठीला शिंगाच्या मुठीचा, नक्षीदार पात्याचा, मखमली पेटीतील खंजीर येऊन पडतो आणि पेटीसह कपाटाच्या वरच्या फळीवर निर्वासित होतो. असा नजराणा देणाऱ्याने तो स्वतःलाच दिलेला असतो.

याच्या उलट टोकाला जाऊन, भित्र्या माणसास बोथट चाकू बरा, असे मानणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांचा हा समज मात्र घातक आहे. बोथट पाते टोमॅटोच्या सालीवर रुतत नाही, म्हणून जोर वाढवावा लागतो, आणि जोर वाढला की पाते निसटून बोटाकडे येते. धारदार पाते कमी जोरात आपले काम करते व जेथे ठेवले तेथेच उतरते. त्यामुळे देण्यापूर्वी धार पाहून घ्यावी, आणि पुढेही वर्षातून एकदा तो चाकू मागून घेऊन धार लावून आणण्याची तजवीज देणाऱ्यानेच करावी. एके काळी हे काम शिकलगारांकडे वंशपरंपरेने असे. आता सायकलवर चाक बसवून आरोळी देत फिरणारा एखादाच दिसतो, तो दिसला की थांबवावा.

कायद्याची भीती घालणाऱ्यांस थोडक्यात उत्तर देतो. आपल्या शस्त्रविषयक नियमांत परवान्याचा प्रश्न येतो तो नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांबाबत, आणि तेथेही घरगुती व शेतीच्या कामाची हत्यारे वगळलेली आहेत. आपला बोटाएवढा चाकू त्या वर्गात बसणे शक्य नाही. विमानप्रवासात मात्र तो हातातल्या पिशवीत ठेवू नये, मोठ्या सामानात टाकावा. एवढी सूचना पेटीतल्या चिठ्ठीवर लिहून द्यावी.

राहिला देण्याचा विधी. धारेची वस्तू हातोहात दिली तर भांडण होते, असे आपल्याकडे वडीलधारी माणसे सांगतात, आणि ती खाली ठेवून दुसऱ्याने उचलावी असा रिवाज आहे. युरोपातही चाकूच्या भेटीने स्नेह तुटू नये म्हणून घेणारा एखादे नाणे परत करतो, जेणेकरून तो व्यवहार दानाचा न राहता खरेदीचा ठरतो. दोन्ही रिवाज पाळावेत. चाकू मिटलेला असावा, तो टेबलावर ठेवावा, उघडून दाखवू नये, कागद कापून धारेचे प्रात्यक्षिक तर मुळीच करू नये, आणि घेणाऱ्याकडून एक रुपया मागून घ्यावा. रुपया दिला की नावडती वस्तूही आपण विकत घेतलेली असते, आणि विकत घेतलेल्या वस्तूबद्दल माणूस सहसा कुरकुर करीत नाही. इतके करूनही त्याने ती वस्तू दोन बोटांनी परत सरकविली, तर वाद न घालता रुपया परत करावा आणि त्याऐवजी शिंप्याच्या दुकानातली एक चांगली कात्री आणून द्यावी. तिला एकाऐवजी दोन पाती असतात, परंतु तेवढ्यावरून ती नाकारल्याचे अद्याप माझ्या ऐकिवात नाही.