एजंटाच्या हवाली नागरिकत्व

कोकणातल्या मोहल्ल्यांतून माणसे आखातात जाऊ लागली त्याला पिढ्या उलटल्या. तरी आपल्या समाजात वकिलाची पायरी चढायची ती भांडण झाल्यावरच. तोवर 'सगळे एजंट बघतो'. हे आम्हाला मान्य नाही.

कायदा काय म्हणतो ते ऐका. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटालाच परदेशी नोकरीची भरती करता येते. कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर, याहून जादा सेवाशुल्क त्याला घेता येत नाही. ३ डिसेंबर २००४ पासून भारताबाहेर जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत झाली पाहिजे; मुदत टळली की केंद्र सरकारची परवानगी लागते. दुबईत बाळाचा अकीका थाटात होतो, या नोंदीची आठवण किती बापांना असते?

म्हणे वकील महाग! लग्नात देगांवर देगा चढतात तेव्हा ही महागाई कुठे जाते? आणि ज्याच्याकडे खरोखरच पैसा नाही, त्याच्यासाठी, तसेच सर्व स्त्रियांसाठी, १९८७ च्या कायद्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलाची सोय केली आहे. ती खैरात नाही, हक्क आहे.

२०१९ मध्ये आसामच्या नागरिक नोंदणीतून एकोणीस लाखांवर माणसे वगळली गेली. कागदाची किंमत याहून स्पष्ट कोण सांगणार? जमातींनी आपल्या फंडातून जाणता वकील नेमावा, महिन्यातून एक दिवस मोहल्ल्यात बसवावा. करारावर सही होण्याआधी तो कागद त्याने वाचलेला असावा.