आजोबांची तोंडी परीक्षा थांबवा

डिमेन्शिया झालेल्या माणसाला ‘मला ओळखलं का?’ असं विचारायला बंदी घालणारा अर्ज निघाला, तर पहिली सही माझी. हा प्रश्न आता फोनमध्येही शिरलाय. घरातले फोटो अपलोड करायचे, अ‍ॅप एकेक चेहरा दाखवणार, खाली चार नावं. बरोबर आलं की टाळ्या, चुकलं की ‘पुन्हा प्रयत्न करा’. याला म्हणे आठवणी जागवणं म्हणायचं. ही तोंडी परीक्षा आहे, आणि तीसुद्धा ज्याचं पुस्तकच काढून घेतलंय अशा विद्यार्थ्याची.

हे असं का होतं ते मला दिसतं, कारण मी याच धंद्यात आहे. स्कोअर मोजता येतो, डॅशबोर्डवर लावता येतो. बेंगळुरूत बसलेल्या मुलाला ‘आज आईला १० पैकी ६’ असं नोटिफिकेशन धाडता येतं. आई दुपारी पंधरा मिनिटं खुलून बोलली, याचा आलेख कोण काढणार?

स्कॉटलंडमधल्या डंडी आणि सेंट अँड्र्यूज विद्यापीठांतल्या संशोधकांनी सुमारे वीस वर्षांपूर्वी ‘सर्का’ नावाचं टचस्क्रीन साधन बनवलं. त्यात घरचे फोटो नव्हते. सगळ्यांच्या ओळखीचे जुने रस्ते, गाणी, खेळ होते. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. घरच्या फोटोला एकच बरोबर उत्तर असतं. जुन्या बाजाराच्या फोटोवर काहीही बोललं तरी चुकत नाही.

आमची शाहूपुरी गुळाच्या व्यापारावर वाढलेली पेठ. इथल्या एखाद्या जुन्या अडत्याला किंवा करवीर तालुक्यातल्या शेतकऱ्याला नातवाच्या बर्थडेचा व्हिडिओ दाखवलात, तर तो गप्प बसेल, किंवा तुमचं मन राखायला मान हलवेल. त्याऐवजी गुऱ्हाळाचा व्हिडिओ लावा. पेटलेलं चुलवाण, काहिलीत उकळणारा रस, वर आलेली मळी काढणारा गुळव्या. ‘भेंडी घातली का रे रसात?’ असं तो विचारूही शकतो. गुळात भेंडी कशाला, असं तुम्ही मनापासून विचाराल, कारण तुम्हाला ते ठाऊकच नसतं. मग मळी कशी धरते, गूळ उतरवायची वेळ कशी ओळखायची, हे तो सांगणार आणि तुम्ही ऐकणार. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाजवळ जास्त गर्दीनं असतात, आणि आजारात बहुधा अलीकडचं आधी पुसट होतं. म्हणून तर नातू हरवतो आणि गुऱ्हाळ राहतं.

यानं आजार बरा होत नाही. तसं सांगून सबस्क्रिप्शन विकणारा फसवतोय. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा उपचारांचे २२ अभ्यास तपासले गेले. फायदा दिसला, पण छोटा आणि सगळीकडे सारखा नाही. आणि दिवंगत नवऱ्याचा फोटो एआयनं बोलता करणाऱ्यांना एकच विचारायचंय: तिनं ‘हे घरी कधी येणार?’ म्हटलं, तर उत्तर तुमचं सर्व्हर देणार की तिची सून?

सुनेचा विषय निघालाच आहे तर, टॅब घेऊन दिला म्हणजे कर्तव्य संपलं असं नाही. शेजारी बसून विचारणारं कुणी नसेल तर तो नुसता टीव्ही. बेंगळुरूतल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करता येते. ऑफिसात रोज करतोच की.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. बीबीसीनं २०१६ मध्ये अशांसाठी आपल्या संग्रहातले जुने फोटो, आवाज, व्हिडिओ दशकांनुसार लावून फुकट खुले केले. आपल्याकडे काय कमी आहे? मुंबई दूरदर्शन १९७२ पासूनचं. पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ चं. ज्या कोल्हापुरात १९२९ ला प्रभात उभी राहिली, तिथल्या म्हाताऱ्यानं खासबागेतली जुनी कुस्ती यूट्यूबवर बघायची, आणि डाव पडणार तेवढ्यात कर्जाची जाहिरात! हे सगळं लोकांच्या पैशानं जपलेलं आहे. पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून, जाहिरातीविना, लॉगिनविना, एका मोठ्या बटणावर द्या. कोडिंगचं काम फार नाही, आम्ही करू. परवानगी तुम्ही द्या.

ती येईपर्यंत हंगामात जवळच्या गुऱ्हाळावर जा. फोन आडवा धरा, चुलवाणाचा आणि माणसांचा आवाज नीट येऊ द्या. आणि त्यावर म्युझिक घालू नका.