धाराशिवच्या बायकांचं देणं

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर सध्या चर्चा आहे ती मुलींच्या लशीची. ती व्हायलाच हवी. २०१० मध्ये केंद्र सरकारने या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरच्या लशीचे अभ्यास थांबवले, तेव्हा देशभरातल्या हजारो मुलींचे पुढचे डोस राहून गेले. संशोधकांनी मात्र त्यांच्यावर लक्ष ठेवलं. एकच डोस मिळालेल्या मुलींनाही दहा वर्षांनंतर या विषाणूच्या १६ आणि १८ या घातक प्रकारांच्या चिवट संसर्गापासून ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण असल्याचं २०२१ मध्ये दिसून आलं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला.

पण या मुलींच्या आयांचं काय?

लस संसर्गाआधी घेतली तरच तिचा पुरेपूर उपयोग होतो. तिशी ओलांडलेल्या बाईला वाचवते ती तपासणी. कोणती तपासणी, याचं उत्तर आपल्याच मातीत मिळालं आहे. १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यात बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाचा मोठा वाटा होता. गावांचे चार गट केले. एका गटात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला नेहमीचेच उपचार. आठ वर्षांत चौथ्या गटातल्या ६४ जणी या आजाराने गेल्या. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. ज्यांची ही चाचणी निर्दोष आली, त्यांच्यातली एकही या कर्करोगाने दगावली नाही. बाकीच्या दोन पद्धतींनी मृत्यू लक्षणीय घटले नाहीत.

चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे वाद झाला, आणि तो रास्तच होता. म्हणून तर त्या निष्कर्षाचा पहिला लाभ इथल्या बायकांना मिळायला हवा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली. आपल्या कर्करोग तपासणीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची २०१६ची मार्गदर्शक तत्त्वं मात्र डोळ्यांनी पाहण्यावरच भर देतात. तपासणी तरी किती जणींपर्यंत पोहोचते? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के भारतीय स्त्रियांची या कर्करोगासाठी कधी तरी तपासणी झाली होती.

अंगावरून जातंय, हे सांगायलाही बाई कचरते. दवाखान्यात टेबलावर झोपून तपासून घेणं तर तिला नकोच वाटतं. एचपीव्ही चाचणीसाठी लागणारा नमुना तिला स्वतःच्या हाताने, आडोशाला घेता येतो. आशाताईने तो गोळा करावा, जिल्हा रुग्णालयात तपासावा, दोष आढळला तर उपचार तालुक्यालाच व्हावेत. चाचणीचा खर्च आणि प्रयोगशाळा या अडचणी खऱ्या आहेत. त्यासाठी राज्याच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद हवी. सुरुवात धाराशिवपासून करावी, आणि त्या चौथ्या गटातल्या गावांपासून.