"मर्यादेत आहे" म्हणजे कोणाच्या मर्यादेत?

खाणीच्या पाण्याचा रिपोर्ट "मर्यादेत" आला म्हणजे ते पाणी ओलिताला चालतं, हे वाक्य या हंगामात मी तिघांच्या तोंडून ऐकलं. एक खाणीतला माणूस, एक कृषी खात्यातला, आणि एक आपलाच शेतकरी भाऊ. पहिल्याचं समजू शकतो, त्याची नोकरी आहे. दुसऱ्याने असं बोलू नये. तिसऱ्यासाठी ही नोंद लिहितोय.

आधी ती मर्यादा काय आहे ते बघा. कोळसा खाणीतून बाहेर सोडायच्या पाण्यासाठी केंद्राने 25 सप्टेंबर 2000 ला मानकं काढली. यादी एवढीशी आहे. पीएच 5.5 ते 9. सीओडी 250 मिलिग्रॅम प्रति लिटर. तेल-ग्रीस 10. नायट्रेट-नायट्रोजन 10 (सुरुंगाच्या दारूतून येतं ते, एक जण म्हणाला, मग तर फुकटचा युरियाच की!). आणि पाण्यातला तरंगता गाळ, रिपोर्टात ज्याला टीएसएस लिहितात, तो 100. गाळाच्या रकान्यात अजून एक आकडा आहे. तेच पाणी ओलितासाठी जमिनीवर सोडलं तर 200. म्हणजे नदीला 100, आणि आपल्या वावराला 200. जड धातूंचा विषय वेगळा आहे, तो परत कधी.

आता या यादीत काय नाही ते शोधा. ईसी नाही. टीडीएस नाही. सल्फेट नाही. सोडियम नाही. ओलिताचं पाणी तपासायला कृषी महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या पोराला जे शिकवतात, त्यातला पीएच सोडला तर एकही आकडा इथे सापडत नाही.

हिशोब करू. एका एकराला दोन इंच पाणी दिलं तर साधारण 2 लाख लिटर लागतं. त्यात 200 च्या मर्यादेने गाळ असेल तर वावरात आला 40 किलो. आता समजा त्याच पाण्याची ईसी 2.2 आहे, म्हणजे टीडीएस साधारण 1,400. त्याच दोन इंचात विरघळलेले क्षार आले 280 किलो. गव्हाला अशी पाच पाणी दिली तर 14 क्विंटल. चाळीस किलो गाळावर सरकारची नजर आहे. चौदा क्विंटल क्षाराला त्या यादीत रकानाच नाही!

कृषी शास्त्रज्ञ मंडळी लगेच म्हणतील की सगळा क्षार सारखा नसतो. बरोबर आहे. कॅल्शियम सल्फेट असेल तर काळ्या मातीला त्याचा त्रास कमी. सोडियम आणि बायकार्बोनेट असतील तर चिकणमाती फुगते, पाणी खाली जिरत नाही, पाऊस थांबून चार दिवस झाले तरी वावर वाफशावर येत नाही, आणि वाळलं की वर पपुद्रा धरतो. पावसाने काही क्षार धुऊनही जातात, पण आपल्या भारी जमिनीत निचरा किती होतो ते तुम्हाला माहीत आहे. कोणता क्षार किती आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजायची सक्ती कुठे आहे?

पीएच बघून खूश होणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मेघालयात जैंतिया हिल्समध्ये कोळशातल्या गंधकाने नद्यांचं पाणी आंबट झालं. तिथे पीएच बघितला की रोग कळतो. आपल्या वर्धा खोऱ्यातल्या कोळशात गंधक त्यामानाने कमी. त्यामुळे वणी, घुग्घुस, भद्रावती, राजुरा या पट्ट्यात खाणीचं पाणी बहुधा उदासीन, नाहीतर थोडं विम्लाकडे झुकलेलं. पीएच 7.8 आला की साहेब म्हणतात, पाणी उत्तम. अहो, समुद्राचा पीएचसुद्धा आठच्या आसपास असतो!

याहून चीड येते ती पुढच्या गोष्टीची. ओलिताच्या पाण्याला निकष कोणता लावायचा हे प्रदूषण मंडळांना माहीत नाही, असं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नदीच्या पाण्याचे वापरानुसार वर्ग केले आहेत. त्यात 'ई' वर्ग ओलिताचा. त्याला पीएच 6 ते 8.5, ईसी जास्तीत जास्त 2,250 मायक्रोम्हो (म्हणजे 2.25), एसएआर 26, बोरॉन 2. एसएआर 26 हा आकडा काळ्या मातीसाठी फारच सैल आहे, दहाच्या वर गेलं तरी भारी जमिनीत भीती असते, पण निदान रकाना तरी आहे. म्हणजे नदीचं पाणी शेतीला चालेल का, हे ठरवताना ईसी बघायची. आणि त्याच नदीला मिळणाऱ्या नाल्यात खाण पाणी सोडते तेव्हा बघायची नाही. दोन टेबलं, दोन फायली, मध्ये आपलं वावर.

यावर ठरलेलं उत्तर येतं. "खाण पाण्यात मीठ टाकत नाही, ते खडकातूनच येतं." खडकातून येतं हे खरं. पण तो खडक शेकडो फूट खाली न फुटता पडून होता. फोडून, चुरा करून, डोंगराएवढे ढिगारे वर कोणी आणून टाकले? फुटलेल्या खडकातून पाऊस जेवढा क्षार धुतो, तेवढा अखंड खडकातून धुत नाही. अमेरिकेत अपलाचियाच्या कोळसा पट्ट्यात हाच वाद झाला. तिथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने 2011 मध्ये ओढ्यांतल्या जलचरांसाठी ईसी 300 मायक्रोसीमेन्स हा टप्पा मांडला. तो किड्यांसाठी आहे, कपाशीसाठी नाही, तो उचलून इथे लावा असं मी म्हणत नाही. पण खाणीतून येणारा क्षार हे खाणीचंच प्रदूषण, एवढं तरी तिथे कागदावर मानलं गेलं.

आणि खाणीचं पाणी घेऊच नका, असंही मी म्हणत नाही. आमच्या शिवाराच्या वरच्या अंगाला एक उघडी खाण आहे, नाव लिहीत नाही. तिचा उपसा सुरू झाल्यापासून विहिरी डिसेंबरातच तळाला जातात. मग नाल्याला मोटर लावल्याशिवाय हरभरा येतो कसा? पाणी घेणं हा आपला शौक नाही. म्हणून तर ते कसं आहे हे कळायला पाहिजे.

आता राज्याच्या हातात काय आहे? महाराष्ट्राने पाणी प्रदूषणाचा स्वतःचा कायदा 1969 मध्ये केला, केंद्राच्या 1974 च्या कायद्याच्या आधी. आजही खाणीला पाणी सोडायची संमती राज्याचं मंडळ देतं, अटी तेच घालतं. पर्यावरण संरक्षण नियम 1986 मधला नियम 3(2) सांगतो की राज्याचं मंडळ केंद्रापेक्षा कडक मानकं लावू शकतं. त्यामुळे "यादी दिल्लीची आहे, आम्ही काय करणार" हे कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. जिथे खाणीचं पाणी ओलिताच्या नाल्यात जातं, तिथे संमतीपत्रात ईसी, एसएआर, बायकार्बोनेट आणि सल्फेट आलेच पाहिजेत. आणि नमुना फक्त खाणीच्या टाकीच्या तोंडाशी नको, खाली शेतकरी मोटर लावतो तिथलाही हवा.

2024 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. बहुतेक गुन्ह्यांची कैद गेली आणि दंड आला, 10 हजारापासून 15 लाखापर्यंत. सुरुवातीला ती हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली, बाकी राज्यांचा रस्ता विधिमंडळाच्या ठरावातून जातो. दहा हजारात ट्रॅक्टरचं मागचं एक टायर येत नाही.

आपल्या हातातल्या दोन गोष्टी फार जणांना माहीत नाहीत. 1974 च्या कायद्याच्या कलम 25(6) प्रमाणे संमतीच्या अटींची नोंदवही मंडळाला ठेवावी लागते, आणि त्या पाण्याने बाधित होणाऱ्या कोणालाही ती बघता येते. कलम 49 प्रमाणे कोणीही माणूस मंडळाला 60 दिवसांची नोटीस देऊन कोर्टात तक्रार करू शकतो, आणि मग मंडळाकडचे अहवाल मागू शकतो. मात्र आपण भरून नेलेली बाटली म्हणजे कलम 21 चा नमुना नाही. तो मंडळाच्या माणसाने, खाणीला कळवून, सील करूनच घ्यावा लागतो. आपल्या बाटलीचा उपयोग एवढाच, की नेमकं काय मागायचं ते कळतं.

तर हरभऱ्याच्या पहिल्या पाण्याआधी लिटरभर पाणी माती-पाणी तपासणीला द्या. स्वच्छ बाटली, त्याच पाण्याने तीनदा विसळून, काठाचं नाही तर वाहत्या धारेचं. ईसी, कार्बोनेट, बायकार्बोनेट, कॅल्शियम-मॅग्नेशियम, सोडियम, सल्फेट एवढं लिहून मागा, नुसतं "पाणी तपासणी" लिहू नका, नाहीतर पीएच देऊन परत पाठवतील. ज्यांच्याकडे जुने रिपोर्ट आहेत त्यांनी खाली ईसी, सोडियम आणि महिना टाका. गावाचं नाव चालेल, खाणीचं नको.