गाडी राजाची, हात मिस्त्रीचा

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद – जिथे जिथे एकेकाळी दरबार होते आणि दरबाराच्या मागोमाग आपली माणसे येऊन वसली, तिथे जुन्या मोटारींचे मेळे आता कोणाला नवे राहिलेले नाहीत. हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी रोल्स-रॉइस, बेंटली, डेमलर अशा गाड्या ओळीने उभ्या राहतात, पितळी दिवे झळकतात आणि आपण सहकुटुंब पाहायला जातो. गेल्या हिवाळ्यात अशाच एका मेळ्यात आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ नातवाला मोठ्या अभिमानाने सांगत होते, "ही बरं का, आपल्या महाराजांची गाडी." नातू म्हणाला, "आजोबा, आपण बसलो होतो हिच्यात?" गृहस्थ हसले आणि पुढच्या गाडीकडे वळले.

पोराने विचारलेला प्रश्न वेडगळ नव्हता. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज त्या गाडीत कधी बसले नाहीत. ते खासगीकडे कारकून होते, मोटारखान्याकडे हिशेबनीस होते, शाळाखात्यात मास्तर होते. त्या गाडीच्या पेट्रोलचा खर्च त्यांनी खतावणीत लिहिला, ती वाड्यावरून गेली तेव्हा बाजूला उभे राहून मुजरा केला. असे असताना तिसऱ्या-चौथ्या पिढीत आपण त्या गाडीला 'आपली' म्हणतो, ते कोणत्या नात्याने? आमचे म्हणणे असे, की या गाड्यांवर आपण प्रेम करतो ते चुकीच्या कारणासाठी, आणि त्या चुकीची किंमत आपल्याच घरातली कागदपत्रे आणि आठवणी मोजत आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. या गाड्या थोर आहेत, याबद्दल आमचा वाद नाही. रोल्स-रॉइसची 'सिल्व्हर घोस्ट' घ्या. १९०६ साली हे मॉडेल बाहेर आले. सहा सिलिंडर, तिनातिनाचे दोन ठोकळे, मुख्य दांड्याला सात बेअरिंगांचा आधार आणि त्या बेअरिंगांपर्यंत दाबाने पोचणारे तेल. इतर गाड्या खडखडत आणि थरथरत असताना ही गाडी निःशब्द चालली, ती या बांधणीमुळे. १९०७ साली हिला जवळजवळ पंधरा हजार मैल पळवून तिची कसोटी घेण्यात आली. १९०८ साली आपल्याकडे मुंबई-कोल्हापूर मार्गावरच्या चाचणीत याच जातीची एक गाडी सह्याद्रीचे घाट चढली, आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली. तेव्हाच्या खडीच्या रस्त्यांवर हे घाट चढणे म्हणजे काय, हे ज्यांनी जुन्या एस.टी.तून खंबाटकी पार केला आहे त्यांना समजावून सांगायला नको.

पण ही थोरवी कोणाची? हेन्री रॉइस १८६३ साली एका गिरणीवाल्याच्या घरी जन्मला. बापाचा धंदा बुडाला आणि मुलगा नऊ वर्षांचा असताना बाप वारला. पोराने वर्तमानपत्रे विकली, तारा पोचवल्या. रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारीला लागला, तीही पैशाअभावी अर्धवट सुटली. पुढे मँचेस्टरमध्ये त्याने विजेची यंत्रे आणि याऱ्या बनवण्याचा कारखाना काढला. एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली, तिच्यातले दोष त्याला सहन होईनात, म्हणून स्वतःची गाडी बांधायला घेतली. १९०४ च्या एप्रिलमध्ये ती रस्त्यावर आली. उमराव घराण्यातला चार्ल्स रोल्स त्याला भेटला तो त्यानंतरच्या महिन्यात. पुढे सरदारकीचा किताब मिळूनही रॉइस स्वतःची ओळख 'मेकॅनिक' अशीच देत असे. गाडीच्या नावात उमराव आधी आला आणि कारागीर नंतर. आपण मात्र त्याहीपुढे गेलो. आपण दोघांनाही विसरलो आणि मागच्या सीटवर बसणाऱ्यालाच गाडीचे श्रेय देऊन टाकले.

हे श्रेय किती पोकळ असते, याचा दाखला हैदराबादेत चौमहल्ला राजवाड्यात उभा आहे. सहाव्या निजामांनी मागवलेली, बार्कर कंपनीने बॉडी बांधलेली १९१२ सालची सिंहासन-गाडी. तिच्या घडणीचे कौशल्य डोळे दिपवणारे आहे. पण मागवणारा १९११ सालीच वारला आणि गाडी आयुष्यभरात अगदी मोजके मैल चालली. पंधरा हजार मैल धावण्यासाठी जे यंत्र जन्माला आले, त्याला आपल्याकडे आणून मखरात बसवले. यंत्राचा असा मान ठेवण्याला आम्ही यंत्राची विटंबना म्हणतो.

आणि ती कचऱ्याच्या गाडीची कथा! लंडनच्या दुकानात महाराजांचा अपमान झाला, महाराजांनी साऱ्या रोल्स-रॉइस विकत घेतल्या आणि त्यांतून शहराचा कचरा वाहिला. ही कथा ऐकली नाही असे मराठी घर दाखवा. ती कधी अलवारच्या नावे सांगतात, कधी भरतपूरच्या, कधी पतियाळ्याच्या, तर कधी निजामाच्या. एकाच अपमानाचे इतके धनी असावेत आणि एकानेही त्या काळचा कागद पुढे करू नये, हे पुरेसे बोलके आहे. पण आमचा आक्षेप तिच्या खरेखोटेपणावर नाही. समजा, ती खरी आहे. तर मग ज्या राजाने रयतेच्या सारावसुलीतून आलेला पैसा एका दुकानदाराची जिरवण्यासाठी उधळला, त्याच्या गोष्टीवर आपण टाळ्या का वाजवतो? अपमान राजाचा, पैसा रयतेचा, आणि समाधान आपले. हा हिशेब आपल्या हिशेबनीस पूर्वजांना तरी पटला असता का?

याच्या उलट बाजूची मंडळीही आम्हाला ठाऊक आहेत. त्यांच्या मते या गाड्या म्हणजे गुलामगिरीची चिन्हे. भंगारात घाला आणि मोकळे व्हा. आम्हाला हेही मान्य नाही. राजाचा राग यंत्रावर काढणारा माणूस आणि राजाची भक्ती यंत्रावर करणारा माणूस, दोघांचीही नजर बॉनेटच्या वरच अडकलेली असते. बॉनेट उघडून आत कोणीच पाहिलेले नसते.

यंत्रावर खरेच प्रेम असेल, तर आपल्याला आपल्याच पंक्तीतला एक माणूस आठवायला हवा. रॉइसनंतर सहाच वर्षांनी, १८६९ साली, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावली, तेव्हा त्यांना जमीन दिली ती औंधच्या पंतप्रतिनिधींनी, आणि १९१० साली ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. एक संस्थानिक यंत्रासाठी काय करू शकतो, याचे हे उत्तर. औंध संस्थान पदराने लहान होते. पण आमच्या मते त्या माळरानाच्या तुकड्याने जे केले, ते साऱ्या राजवाड्यांच्या मोटारखान्यांनी मिळून केले नाही.

बडोद्याच्या वाचकांनी तर दूर जायलाच नको. सयाजीराव महाराजांच्या राजवटीत १८९० साली तिथे कलाभवन सुरू झाले. यंत्रविद्या, रंगकाम, सुतारकाम या गोष्टी सामान्य घरातल्या मुलांना शिकवाव्यात, हा त्यामागचा हेतू. दादासाहेब फाळके तिथे शिकले. मेळ्यात गाडीपुढे उभे राहून छायाचित्र काढून घेणाऱ्या आपल्या मंडळींपैकी किती जणांनी मुलांना कलाभवनाच्या इमारतीपुढे उभे करून ती गोष्ट सांगितली आहे? महाराजांचा अभिमानच बाळगायचा, तर तो या वास्तूपुढे अधिक शोभेल.

'ब्रिटिश वैभव' म्हणून आपण ज्यापुढे मान लववतो, त्याची आजची स्थितीही पाहून घ्यावी. रोल्स-रॉइस मोटारींचे नाव आज जर्मनीतल्या बीएमडब्ल्यूकडे आहे, बेंटली फोक्सवागेनकडे. ज्या डेमलरमधून इंग्लंडचे राजे फिरत आणि जी लँचेस्टर आपल्या संस्थानिकांना प्रिय होती, ती दोन्ही नावे २००८ साली जग्वारबरोबर मुंबईच्या टाटांकडे आली. वैभव असे घरे बदलते. हातातली विद्या बदलत नाही. ती शिकावी लागते आणि शिकवावी लागते.

म्हणून आमचा खरा दावा त्या माणसांच्या वतीने आहे, ज्यांची नावे मेळ्यातल्या एकाही पाटीवर नसतात. विलायतेहून सुटा भाग यायला महिनोन्महिने लागत, तेव्हा तो इथल्याच लेथवर कातून बसवणारा मिस्त्री. पाटा तुटला तर तो भट्टीत तापवून जुळवणारा लोहार. गादीचे कातडे शिवणारा मोची. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दुखणे ओळखणारा ड्रायव्हर. संस्थाने गेली, १९७१ साली तनखेही गेले, अनेक गाड्या परदेशी विकल्या गेल्या. ज्या इथे उरल्या, त्या या हातांमुळे उरल्या. आमच्या त्या मेळ्यात माहिती सांगणाऱ्या तरुणाला गाडीचे साल, अश्वशक्ती, मूळ किंमत सारे पाठ होते. "ही आजवर चालती कोणी ठेवली?" असे आम्ही विचारले, तेव्हा त्याने मालकाचे नाव सांगितले.

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणि वेगळी नंबरपाटी ठरवली. उत्तम झाले, गाडीला तिचे वय मिळाले. पण मोटारखान्याच्या मोडी खतावण्या, पगारपत्रके, दुरुस्तीची बिले आपल्याच माळ्यांवर पडली आहेत, त्यांची नोंद कोणते सरकार करणार? घर पाडून इमारत बांधायची वेळ आली की ती रद्दीत जातात. एका घरी आम्ही पोचलो तेव्हा पोते बांधून दारात ठेवलेले होते. वर ठेवलेल्या वहीत मोटारखान्यातल्या नोकरांची नावे आणि पगार ओळीने लिहिलेले होते. तेवढी एक वही आम्ही मागून घेतली. बाकीचे पोते आमच्या डोळ्यांदेखत वजनाने गेले. त्याच घराच्या दिवाणखान्यात महाराजांच्या गाडीचे मोठे छायाचित्र चौकटीत लावलेले होते.

पुढच्या हिवाळ्यात मेळ्याला जरूर जावे, आम्हीही जाऊ. पण जाण्याआधी प्रत्येकाने आपला माळा एकदा उघडून पाहावा. मोडी वाचता येत नसेल तर वाचणारी माणसे अजून आहेत. त्यांच्या हयातीत हे काम झाले पाहिजे. मग मेळ्यात पोराने विचारले, "आजोबा, आपण बसलो होतो हिच्यात?" तर हसून पुढे जावे लागणार नाही. सांगता येईल, "नाही रे. पण हिचा हिशेब आपल्या पणजोबांनी लिहिला, आणि हिला चालती ठेवणाऱ्यांची नावे त्यांच्या वहीत आहेत. घरी चल, दाखवतो."