नेट स्लो? पण नक्की कुठं?

‘नेट स्लो आहे यार!’

ऑफिसात दिवसभरात एवढ्या वेळा दुसरं कुठलंच वाक्य कानावर पडत नसेल. ‘आज बॉसचा मूड ऑफ आहे’ हे दुसऱ्या नंबरवर. पण मंडळी, डॉक्टरकडे जाऊन ‘बरं नाहीये’ एवढंच सांगून आपण गप्प बसतो का? डोकं दुखतंय की पोट, कधीपासून, जेवणाआधी की नंतर, सगळं सांगतो. नेटच्या बाबतीत मात्र ‘स्लो आहे’ म्हणायचं, राउटर बंद-चालू करायचा आणि तेवढ्यानं भागलं नाही तर वरचा प्लॅन घ्यायचा. पोट दुखतंय म्हणून चष्मा बदलण्यातला प्रकार!

१५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलनं आपल्याकडं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा मॉडेम कर्कश किंचाळायचा. जाम वैताग यायचा, पण निदान कळायचं की आत काहीतरी खटपट चाललीय. आता काय, स्क्रीनवर एक गोल चक्र फिरत राहतं. ते फार सभ्य असतं आणि काहीच सांगत नाही.

मग ते बोलतं कसं करायचं? तुमचा एक क्लिक लॅपटॉपमधून वाय-फायवर जातो, तिथून राउटरला, मग इंटरनेट कंपनीच्या लाइनवर, कधी थेट समुद्राखालच्या केबलमधून परदेशात आणि शेवटी त्या वेबसाइटच्या सर्व्हरपर्यंत. उत्तर आलं की परतीचा प्रवास. यातला प्रत्येक तुकडा वेगळ्याच्या मालकीचा. वाय-फाय तुमचं, लाइन कंपनीची, सर्व्हर वेबसाइटवाल्यांचा. आपला फंडा एकच : आधी मालक शोधा, मग भांडा.

पहिली टेस्ट फुकट आहे आणि दोन मिनिटांत होते. एकच साइट रडतेय की सगळ्याच? एकच असेल तर तीच साइट फोनवर वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर उघडा. तिथं झटकन उघडली तर भानगड तुमच्या घरात किंवा तुमच्या कंपनीच्या लाइनवर आहे. तिथंही रखडली तर बहुधा साइटच आजारी. मग राउटरला उगाच त्रास देऊ नका. २० ऑक्टोबर २०२५ला अमेझॉनच्या क्लाउडमध्ये बिघाड झाला, तेव्हा जगभरातल्या कितीतरी साइट्स आणि अ‍ॅप्स एकदम आडव्या झाल्या. त्या दिवशी घरोघरी किती राउटर विनाकारण रिस्टार्ट झाले असतील, देव जाणे!

सगळ्याच साइट्स रखडत असतील तर दुसरी टेस्ट. लॅपटॉप सरळ केबलनं राउटरला जोडा. केबलवर मक्खन आणि वाय-फायवर रडारड, म्हणजे गुन्हेगार घरातच सापडला. जुन्या २.४ गिगाहर्ट्‌झ वाय-फायमध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेल्स तीनच : १, ६ आणि ११. सोसायटीत शेजारी-पाजारी मिळून पंचवीस राउटर, वर स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही साधारण त्याच फ्रिक्वेन्सीवर. गर्दी होणारच! राउटरला ५ गिगाहर्ट्‌झ असेल तर त्यावर जा. फक्त एक लक्षात ठेवा, ते भिंतींना जरा जास्त घाबरतं.

आता आपलं खरं हत्यार, पिंग. माइक मस या अमेरिकन प्रोग्रॅमरनं डिसेंबर १९८३मध्ये ते लिहिलं आणि नाव ठेवलं पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून. आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी किती वेळात येतो ते मोजायचं, बस्स! विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंग टाइप करा, एक स्पेस आणि साइटचं नाव. उत्तर मिलिसेकंदांत येतं. आधी राउटरलाच पिंग करा (त्याचा नंबर पाठीवरच्या स्टिकरवर असतो, बऱ्याचदा १९२.१६८.१.१). तिथं चार-पाच मिलिसेकंद दिसले तर घर ठीक. तिथंच आकडा शंभर-दोनशेवर उड्या मारत असेल तर कस्टमर केअरला फोन कशाला? (काही साइट्स पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. तेव्हा घाबरू नका, दुसरी साइट घ्या.)

‘पण माझा स्पीड टेस्ट तर फुल्टू येतो!’ हो, येणारच. बरेचसे स्पीड टेस्ट तुमच्या जवळचा सर्व्हर निवडतात, कधी कधी तर तुमच्याच कंपनीच्या जाळ्यातला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी पळवून मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेचा ट्रॅफिक मोजल्यासारखं ते. आणि प्लॅनमधला स्पीड म्हणजे एक्स्प्रेस वेच्या लेन, तर पिंग म्हणजे पुण्याहून मुंबईला जाऊन परत यायचा वेळ. सहाच्या बारा लेन केल्या म्हणून मुंबई जवळ येत नाही, राव!

हे एवढं कीस पाडून सांगतोय त्याला कारण आहे. माझी मावसबहीण सांगलीत राहून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. मावशीचं डायलिसिस चालू, त्यामुळं घर सोडणं शक्य नाही. ऑफिसचं पोर्टल तिच्याकडं इतकं रखडायचं की एक पान उघडायला दहा सेकंद. साहेबांनी अप्रेझलमध्ये सुनावलं, ‘तुझ्या गावच्या नेटमुळं टीमचं काम अडतं. पुण्याला शिफ्ट हो, नाहीतर आपल्याला विचार करावा लागेल.’ तिचा फोन आला तेव्हा आवाज रडवेला. ‘दादा, दोनदा प्लॅन वाढवला रे. तीनशे एमबीपीएस घेतलंय. अजून काय करू?’

फोनवरच एकेक टेस्ट घेतली. बाकीच्या साइट्स मस्त. केबल लावली, फरक नाही. मोबाइल डेटावर पोर्टल तेवढंच स्लो. शेजारच्या काकूंकडं दुसऱ्या कंपनीचं नेट आहे, तिथंही तेच. म्हणजे सांगली निर्दोष! मग तिला ऑफिसच्या व्हीपीएनच्या दाराला पिंग करायला सांगितलं. उत्तर आलं २४० मिलिसेकंद. सांगली ते पुणे एवढं लांब कधीपासून झालं?

गणित सोपं आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन पंचवीस हजार, म्हणजे १२५ मिलिसेकंद तर भौतिकशास्त्रच खातं. केबल काही सरळ रेषेत जात नाही, त्यामुळं दोनशेच्या वर आकडा नॉर्मल. म्हणजे तिचं व्हीपीएनचं दार अमेरिकेत होतं! सांगलीतला क्लिक पुण्याच्या सर्व्हरकडं जायचा तो व्हाया अमेरिका. वर ते पोर्टल एक पान उघडायला वीसेक वस्तू एकामागून एक मागायचं. प्रत्येक वस्तूला दारापर्यंत जाऊन-येऊन २४० आणि दारापासून पुण्याला जाऊन-येऊन साधारण तेवढेच. वीस गुणिले ४८० मिलिसेकंद, झाले की जवळपास दहा सेकंद. इथं तीनशे काय, तीन हजार एमबीपीएस घेतलं असतं तरी ढिम्म फरक पडला नसता. साहेब मात्र ऑफिसात बसून, व्हीपीएनशिवाय पोर्टल उघडत होते. त्यांना सगळं चकाचक दिसत होतं.

तिनं तीन दिवसांचा तक्ता केला. वेळ, कुठलं नेट, पिंग, पान उघडायला लागलेले सेकंद. पुण्यातच घरून काम करणाऱ्या एका सहकाऱ्याचे आकडेही जोडले. तो बिचारा इतके दिवस स्वतःच्या वाय-फायला शिव्या घालत होता! आयटीवाल्यांनी तक्ता बघितला आणि दोघांनाही मुंबईतलं दार लावून दिलं. पिंग वीसवर, पान एका सेकंदात. बहीण आजही सांगलीतच आहे, आणि मावशीचे डायलिसिसचे वार चुकलेले नाहीत.

तुम्हालाही असा प्रवास बघायचा असेल तर विंडोजमध्ये ट्रेसर्ट आहे (स्पेलिंग टी-आर-ए-सी-ई-आर-टी). वाटेतल्या स्टेशनांची यादीच येते. मधेच चांदण्या दिसल्या किंवा एखाद्या स्टेशनचा आकडा मोठा आला तर लगेच बोंब ठोकू नका. काही राउटर अशा चौकशीला उत्तर देत नाहीत किंवा आरामात देतात. आकडा एका ठिकाणी वाढून शेवटपर्यंत वाढलेलाच राहिला, तर कहाणी तिथं आहे. कधी कधी ती खरंच समुद्रात असते. जानेवारी २००८मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबल्स तुटल्या आणि सप्टेंबर २०२५मध्ये लाल समुद्रात जेद्दाहजवळ. दोन्ही वेळा भारतातलं नेट लंगडलं. अशा वेळी चहा घ्यावा.

आणि पिंग छान, तरी साइट झोपलेली? क्रोममध्ये एफ-१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, पान रिफ्रेश करा. एखाद्या ओळीवर माउस नेला की वेळेचा हिशेब दिसतो. ‘वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्स’ दोन-तीन सेकंद खात असेल, तर तुमचा निरोप पोचलाय, पलीकडचे साहेब विचार करतायत. तक्रार त्यांच्याकडं.

केबल लावूनही रोज रात्री नऊ ते अकरातच सगळं मंदावतंय? मग आधी घरातल्या कुणाच्या फोनचे फोटो तेव्हाच क्लाउडवर चढत नाहीत ना, ते बघा. अपलोड तुंबलं की पिंगही तुंबतो. ते नसेल तर कंपनीच्या लाइनवर गर्दी आहे. आता कस्टमर केअरला फोन लावा, पण तक्ता हातात ठेवून. ‘सर, राउटर रिस्टार्ट करून बघा’ असं म्हणाले तर सांगा, ‘केलं. केबलवर राउटरपर्यंत दोन मिलिसेकंद, तुमच्या पहिल्या स्टेशनवर १८०, तीन दिवस, रोज रात्री.’ बघा, पलीकडचा सूर कसा बदलतो ते. तक्रारीचा डॉकेट नंबर घ्यायला विसरू नका. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपिलेट अथॉरिटीकडं जाता येतं, ट्रायच्या नियमांत तशी सोय आहे.

शेवटी काय, ‘नेट स्लो आहे’ एवढं म्हणून सोडून दिलं की दोष नेहमी सगळ्यात गरीब माणसावर येतो. गावात राहणाऱ्यावर, नवीन लागलेल्यावर, ज्याला फोन करून जाब विचारता येत नाही त्याच्यावर. आणि बिल येतं तुमच्यावर. तेव्हा पुढच्या वेळी टीममध्ये कुणी ‘माझं नेट स्लो आहे’ म्हणालं, तर भुवया उंचावू नका. एकच विचारा : ‘कुठपर्यंत?’