पाहिलेले सांगावे, घरटे झाकावे

फाल्गुन सरतो आणि रायगडच्या किनाऱ्यावर पाखरांची ये-जा बदलू लागते. हिवाळाभर आक्षीच्या पुळणीवर थव्याने वावरणाऱ्या चिखल्या पक्ष्यांच्या छातीवर विटकरी पट्टा उमटतो आणि ते लडाख-तिबेटच्या पठारांकडे निघण्याच्या तयारीला लागतात. इकडे नारळी-पोफळीच्या वाड्यांत तांबटाचा ठोका घुमतो, सुगरणीच्या नराचा माथा पिवळा होऊ लागतो. अशा दिवसांत पक्षी पाहणारी माणसे भेटली की परस्परांस विचारतात, ‘आज काय दिसले?’ या साध्या प्रश्नात मोठे शिक्षण दडलेले आहे, असे आम्हांस वाटते. त्याच्या उत्तरास एक मर्यादा असावी, असेही वाटते.

शिक्षण कसे, ते आपल्याच जिल्ह्यात पाहावयास मिळते. १९३० साली जर्मनीहून परतलेले सलीम अली हाती नोकरी नसताना अलिबागजवळ किहीम येथे राहिले आणि तेथील सुगरणींच्या वसाहतीवर चिकाटीने नजर ठेवून बसले. नर अर्धे घरटे विणतो. मादी येऊन ते तपासते. पसंत पडले तर त्यात संसार मांडते. मग नर ते पुरे करून दुसरे विणावयास घेतो. ही निरीक्षणे त्यांनी १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. आपल्या भाषेने मात्र विणकामाचे श्रेय ‘सुगरण’ या नावातच मादीला देऊन टाकले आहे. केवळ परंपरा सांगते म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. किहीमच्या त्या झाडांखाली याहून वेगळे काय घडले?

पारखलेले आपल्यापाशीच ठेवले तर त्याचे मोल अर्धे उरते. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला आणि १७८ जातींच्या रक्षणाला अग्रक्रम द्यावा, असे ठरले. यांतील बहुतेक नोंदी हौसेने पाहणाऱ्या सामान्य माणसांच्या आहेत. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर पाण्याचा हक्क ज्या जिल्ह्यात बजावला गेला, तेथील मुलांना ज्ञानही सर्वांचेच असते, हे निराळे सांगावयास नको.

मग काही झाकावे, असे आम्ही का म्हणतो? कारण ज्ञान सर्वांचे असले तरी घरटे पाखराचे असते. पहिल्या पावसाच्या सुमारास तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ कोरतो. त्या जागेचा पत्ता फुटला की कॅमेऱ्यांची गर्दी होते, चोचीत घास घेतलेला पक्षी बिळापाशी येण्यास कचरतो आणि आत पिले उपाशी राहतात. बाणाने जखमी झालेल्या हंसावर देवदत्ताने हक्क सांगितला. तेव्हा प्राण घेऊ पाहणाऱ्यापेक्षा प्राण राखणाऱ्याचा हक्क मोठा, हे सिद्धार्थाचे म्हणणे मान्य झाले. छायाचित्र म्हणजे बाण नव्हे, हे खरे. पण ‘मी टिपला म्हणून माझा’ हा हट्ट देवदत्ताचाच आहे. पंचशीलातील पहिले शील न मारण्यापाशी संपत नाही, न छळण्यापर्यंत जाते. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे ‘ईबर्ड’ हे संकेतस्थळही काही संवेदनशील जातींचे नेमके ठिकाण लपविते, ते याच विवेकाने.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक निवासी शाळेच्या व्हरांड्यात उन्हाळ्याच्या आरंभी एक नोंदफलक लागावा. त्यावर पक्ष्याचे नाव, दिवस, वेळ, पाहणाऱ्याचे नाव आणि पक्षी काय करीत होता, एवढे लिहावे. ओळख पटली नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. न पाहिलेले पाहिले म्हणून लिहिणे हा चौथ्या शीलाचा भंग होय. घरट्याची जागा मात्र फलकावर येऊ नये. ती शिक्षकांपाशी राहावी. परीक्षेचे गुण याला मिळणार नाहीत. पण नीट पाहणे, खरे सांगणे आणि दुसऱ्या जिवासाठी वेळेवर गप्प राहणे, या तीन गोष्टी ज्याला साधल्या, त्याचे शिक्षण वाया गेले, असे कोण म्हणेल?